समोरचे दिसावे म्हणून : स्वहस्ते बांधलेले विमान, त्याचे नाक आणि वैमानिकाची दृष्टिरेषा

(विज्ञान अभ्यासमंडळाचा अभ्यासलेख)

आमच्या विद्यालयाच्या विज्ञान अभ्यासमंडळात दरवर्षी एक विषय निवडून त्यावर वर्षभर वाचन, मोजमाप आणि चर्चा करण्याचा प्रघात आहे. या स्मरणिकेसाठी आम्ही निवडलेला विषय वाचकांस प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. लहान, स्वहस्ते बांधलेल्या विमानात बसलेल्या वैमानिकास नाकावरून समोरचे किती दिसते, हा तो विषय होय. परंतु तो आमच्याकडे दोन वाटांनी आला आणि दोन्ही वाटा खानदेशातूनच येतात.

पहिली वाट धुळ्याची. मुंबईतील कांदिवलीच्या चारकोप भागात राहणारे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. टीएसी-००३ हे त्याचे नाव. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यास उड्डाणाचा परवाना मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच्या पहिल्या टप्प्यातील चाचणी उड्डाणाची वार्ता आली ती धुळ्याच्या धावपट्टीवरून. गच्चीवर बांधलेले विमान आपल्या जिल्ह्याच्या आकाशात उडाले, हे कळल्यावर आमच्या वसतिगृहात कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता.

दुसरी वाट दुःखाची. काही वर्षांपूर्वी एका सकाळी फाटकासमोर केळीच्या घडांनी भरलेला एक ट्रक उभा होता. आमचा पाचवीतील एक विद्यार्थी त्याच्या अगदी पुढून रस्ता ओलांडू लागला आणि त्याच क्षणी ट्रक हलला. मुलाच्या पायास गंभीर दुखापत झाली. तो वाचला आणि आज उत्तम चालतो. चालक रडत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता : समोर कोणीही नव्हते. त्या दिवशी आम्हांस त्याचा राग आला. पुढे त्याच आसनावर बसून आम्ही मोजले, तेव्हा तो खरे बोलत होता हे ध्यानी आले. डोळा जमिनीपासून सुमारे २.४ मीटर उंच. काचेच्या खालच्या कडेवरून जाणारी दृष्टिरेषा डोळ्यापासून ४ मीटर पुढे जमिनीस टेकत होती. डोळ्यापासून २ मीटरवर, म्हणजे ट्रकच्या तोंडापासून अवघ्या मीटरभर अंतरावर, ती रेषा १.२ मीटर उंचीवरून जात होती. आमच्या त्या विद्यार्थ्याची उंची तेवढीच होती.

या दोन घटना आमच्या मनात एकत्र आल्या आणि एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला, "ट्रकला नाक नाही, तरी समोरचे दिसत नाही, विमानाला तर एवढे मोठे नाक आहे. मग वैमानिकाला काय दिसते?" या लेखात त्या प्रश्नाचे उत्तर यथाशक्ती मांडले आहे.

१. नाक उंच का असते?

एका इंजिनाच्या बहुतेक लहान विमानांत इंजिन पुढे, त्याच्या पुढे प्रोपेलर आणि मागे वैमानिक अशी रचना असते. ही रचना सोयीची आहे. जड इंजिन पुढे असल्याने विमानाचा तोल राखणे सुलभ जाते आणि प्रोपेलरला स्वच्छ हवा मिळते. परंतु इंजिनाचा सारा पसारा वैमानिकाच्या डोळ्यांसमोर येतो.

मग इंजिन खाली का बसवू नये? प्रोपेलर फिरताना जमिनीस लागता कामा नये, हे पहिले बंधन. लहान विमानांच्या अमेरिकी मानकांत नाकाखाली चाक असलेल्या विमानासाठी हे अंतर किमान ७ इंच, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर, आणि शेपटीखाली चाक असलेल्या विमानासाठी ९ इंच, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर, असे ठेवलेले होते. प्रोपेलर जितका मोठा, तितका त्याचा मध्य उंच. आणि मध्य उंच म्हणजे नाकही उंच. चाके लांब केली तर सारे विमानच उंच होते, वजन वाढते आणि उतरताना चाकांवर येणारा ताणही वाढतो.

इंजिनाच्या घडणीनेही फरक पडतो. आजच्या लहान विमानांतील बहुतेक इंजिनांचे सिलिंडर दोन बाजूंस आडवे पसरलेले असतात. त्यामुळे इंजिन रुंद पण बुटके राहते. सिलिंडर उभे असलेल्या जुन्या इंजिनांमुळे नाक अरुंद पण उंच होई. सिलिंडर चक्राकार बसविलेल्या इंजिनामुळे नाक सर्व बाजूंनी फुगे.

स्वतः विमान बांधणाऱ्यास येथे आणखी एक मोह पडतो. वेग वाढावा म्हणून तो काचेची कॅनॉपी बुटकी करतो आणि त्याखाली डोके मावावे म्हणून आसन खाली घेतो. वाऱ्याचा विरोध कमी होतो, विमान देखणे दिसते. परंतु डोळा नाकाच्या मागे बुडतो.

२. पाच सेंटिमीटरची किंमत

आता गणित करू. ते इयत्ता दहावीच्या त्रिकोणमितीपलीकडे जात नाही.

समजा, वैमानिकाच्या डोळ्यापासून नाकाचा सर्वांत अडथळा करणारा उंचवटा १२० सेंटिमीटर पुढे आणि १२ सेंटिमीटर खाली आहे. १२ भागिले १२० म्हणजे ०.१. ज्या कोनाचा टॅन्जंट ०.१ आहे तो कोन सुमारे ५.७ अंश. म्हणजे विमान सपाट असताना वैमानिकास क्षितिजाखाली ५.७ अंशांपर्यंत दिसेल. यास आपण 'नाकावरचा कोन' म्हणू.

आसनावर ५ सेंटिमीटर जाडीची टणक उशी ठेवली तर डोळा नाकापेक्षा १७ सेंटिमीटर उंच होईल आणि कोन होईल सुमारे ८ अंश. उलट उशी मऊ असून वैमानिक तीत ४ सेंटिमीटर दबला, तर उरतील ८ सेंटिमीटर आणि कोन राहील ३.८ अंश. ज्याचा डोळा बसल्यावर ८ सेंटिमीटर खाली येतो असा बुटका वैमानिक त्याच आसनावर बसला, तर कोन १.९ अंशच उरेल.

हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा ती विद्यार्थिनी काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, माझी उंची कमी आहे. म्हणजे मला विमान चालवता येणार नाही का?" प्रश्न रास्त होता. घरी विमान बांधणारा मनुष्य बहुधा स्वतःच्या अंगाच्या मापाने कॉकपिट घडवितो. त्याच्या मापाचा नसलेला दुसरा कोणी त्यात बसला की सारी मोजणी बदलते. परंतु दोष त्या दुसऱ्या व्यक्तीच्या उंचीत नसतो. आसन वर-खाली व पुढे-मागे सरकेल असे केले, पायपट्ट्याही सरकत्या केल्या आणि डोळा कोठे असावा ही जागा आधी ठरवून आसन तिच्याशी जुळविले, म्हणजे उंच-बुटका प्रत्येक जण त्याच जागेवरून पाहू शकतो. आरेखनाचा आरंभ डोळ्यापासून करावा, हा धडा आम्हांस तिच्या प्रश्नाने दिला.

३. जमिनीवर : कोठून पुढे दिसू लागते?

विमान धावपट्टीकडे चालत जात आहे, डोळा जमिनीपासून १.५ मीटर उंच आहे, असे समजू. नाकाखाली चाक असल्याने विमान जवळजवळ सपाट उभे आहे. नाकावरचा कोन १० अंश असेल तर वैमानिकास जमीन ८.५ मीटरपासून पुढे दिसेल. ५ अंश असेल तर १७ मीटरपासून. ३ अंश असेल तर २८.६ मीटरपासून. कोन निम्मा झाला की न दिसणारी जमीन दुपटीने वाढते. कोन शून्याकडे गेला की समोरची जमीन कितीही दूरवर दिसतच नाही.

आता शेपटीखाली चाक असलेले विमान घेऊ. असे विमान जमिनीवर नाक वर करून उभे राहते. समजा, ते १२ अंशांनी वर आहे आणि नाकावरचा कोन ५.७ अंश आहे. म्हणजे दृष्टिरेषा क्षितिजाच्याही वर ६.३ अंशांनी जाते. ५० मीटर पुढे ती जमिनीपासून सुमारे ७ मीटर उंच असेल. नाक तेथे ८० सेंटिमीटर रुंद असेल तर ढोबळमानाने ५० मीटरवर ३३ मीटर रुंदीचा पट्टा झाकला जाईल. त्या पट्ट्यात रस्त्यावर आडवी उभी असलेली एसटी बस संपूर्ण लपेल. गाय, सायकल किंवा मूल यांची गोष्टच नको.

म्हणून अशा विमानाचे वैमानिक सरळ चालत नाहीत. ते नागमोडी वळणे घेतात. डावीकडे वळून उजव्या खिडकीतून पुढचा मार्ग पाहावा, मग उजवीकडे वळून डाव्या खिडकीतून पाहावा. वरील उदाहरणात नाकाची प्रत्येक बाजू मध्यरेषेपासून सुमारे १८ अंश झाकते, म्हणून वळण त्याहून अधिक असले पाहिजे. जेथे वळण्यास जागा नसते तेथे पंखाजवळून एक मनुष्य चालतो आणि खुणा करतो.

आपल्या देशातील वैमानिकांच्या कित्येक पिढ्या अशाच विमानांवर शिकल्या. हिंदुस्थान एअरक्राफ्टचे एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ मध्ये उडाले. त्याचे आरेखन करणारे डॉ. विष्णू माधव घाटगे हे मराठी भूमीचे सुपुत्र. जर्मनीतील गॉटिंगन येथे लुडविग प्रांट्ल या थोर शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले होते. एचटी-२ मध्ये आसने एकामागे एक होती आणि चाक शेपटीखाली होते. १९५८ मध्ये उडालेल्या आणि पुढे फ्लाइंग क्लबांत रुळलेल्या पुष्पक विमानाचेही चाक शेपटीखालीच होते. शेपटीचाकाचे विमान हलके असते आणि खडबडीत मैदानावर टिकते. म्हणूनच जगभर स्वतः विमान बांधणारे अनेक जण आजही तेच पसंत करतात. त्याची किंमत दृष्टीने चुकवावी लागते, हे मात्र त्यांनी जाणून असावे.

४. उतरताना : एक साधा नियम

खरी कसोटी उतरताना लागते. लहान विमान उतरण्यासाठी येते तेव्हा त्याची वाट क्षितिजाखाली सुमारे ३ अंशांनी उतरती असते, असे धरू. ज्या ठिकाणी टेकायचे ते ठिकाण वैमानिकास क्षितिजाखाली त्याच ३ अंशांवर दिसले पाहिजे.

नाकावरचा कोन ८ अंश आहे. नाक क्षितिजाहून २ अंश वर असेल तर ८ वजा २ म्हणजे ६ अंश खालपर्यंत दिसते. टेकण्याची जागा ३ अंशांवर आहे, म्हणून ती दिसते. आता वेग कमी झाला. तेवढेच वजन पेलण्यासाठी पंखांनी हवेला अधिक कोनात सामोरे जायला हवे, म्हणून वैमानिकाने नाक ७ अंश वर केले. ८ वजा ७ म्हणजे १ अंश. टेकण्याची जागा आता नाकामागे गेली.

यातून एक नेटका नियम निघतो. नाक क्षितिजाच्या जितके वर आहे आणि वाट क्षितिजाच्या जितकी खाली आहे, त्या दोहोंची बेरीज म्हणजे विमानाचे अंग समोरून येणाऱ्या हवेशी करते तो कोन. वैमानिक त्यास 'अँगल ऑफ अटॅक' म्हणतात. आपण आपातकोन म्हणू. नाकावरचा कोन या आपातकोनाहून मोठा असेल तरच उतरण्याची जागा दिसेल. पहिल्या स्थितीत २ अधिक ३ म्हणजे ५, आणि ५ हे ८ पेक्षा कमी, जागा दिसली. दुसऱ्या स्थितीत ७ अधिक ३ म्हणजे १०, आणि १० हे ८ पेक्षा अधिक, जागा लपली.

या नियमाने फ्लॅपचेही एक काम उलगडते. पंखाच्या मागील कडेचा हा भाग खाली केला की कमी आपातकोनातही तेवढीच उचल मिळते. साहजिकच नाक खाली येते आणि धावपट्टी दिसू लागते. वजन व खर्च वाचविण्यासाठी फ्लॅप गाळणाऱ्या विमानकर्त्याने ही दृष्टीही गाळली जाते, हे हिशेबात धरावे.

ज्यांना नाक कमी करणे शक्य नव्हते त्यांनी इतर उपाय योजले. दुसऱ्या महायुद्धातील लांब नाकाची स्पिटफायर आणि कोर्सेअर ही विमाने वळत वळत उतरत. वळणात धावपट्टी नाकाच्या बाजूने दिसत राही आणि अगदी शेवटी विमान सरळ होई. कॉनकॉर्ड या ध्वनीहून वेगवान प्रवासी विमानाचे त्रिकोणी पंख उतरताना फार मोठा आपातकोन मागत. म्हणून त्याचे नाकच खाली वाकविता येई. उड्डाणाच्या वेळी ५ अंश आणि उतरताना १२.५ अंश. चार्ल्स लिंडबर्ग यांनी मे १९२७ मध्ये न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत सुमारे ३३ तासांचा एकट्याने प्रवास केला. त्यांच्या विमानास समोर काचच नव्हती. इंधनाची मोठी टाकी वैमानिकाच्या पुढे ठेवलेली होती. अपघात झाल्यास टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये आपण चिरडले जाऊ नये, असा त्यामागे विचार होता. समोर पाहण्यास एक लहान पेरिस्कोप आणि बाजूच्या खिडक्या एवढेच साधन. त्यांनी दृष्टी जाणूनबुजून सोडली आणि तिचा हिशेब आधी मांडला. हिशेब न मांडता दृष्टी गमावणे ही वेगळी गोष्ट आहे.

५. चढताना आणि आकाशात

चढतानाही नाक वर असते. त्या वेळी समोर, थोडे खाली असलेले दुसरे विमान दिसत नाही. म्हणून लांब चढणीत मधूनमधून नाक खाली करावे किंवा थोडे डावी-उजवीकडे वळून मार्ग न्याहाळावा, असे प्रशिक्षणात शिकविले जाते. खाली पंख असलेले विमान उतरत असेल आणि त्याच्या खालून वर पंख असलेले विमान चढत असेल, तर पहिल्याचा पंख खालचे झाकतो आणि दुसऱ्याचा पंख वरचे. दोघेही सावध असूनही एकमेकांस पाहू शकत नाहीत. धुळ्याजवळ गोंदूरच्या विमानतळावर आणि शिरपूरच्या धावपट्टीवर शिकाऊ विमाने उडतात, तेथे ही गोष्ट पुस्तकातली राहत नाही.

खानदेशातील ऋतूही यात भर घालतात. चैत्र-वैशाखातील फुफाटा, सातपुड्याच्या पायथ्याचे धुरकट क्षितिज, मावळतीला समोरून येणारा सूर्य आणि धुळीने चरे पडलेली काच, या सर्वांमुळे कागदावरचे ६ अंश प्रत्यक्षात कमीच उरतात. कोरड्या फडक्याने पुसलेली प्लास्टिकची काच लवकर आंधळी होते. आधी पाण्याने धूळ वाहू द्यावी, मग मऊ कापडाने टिपावे.

उड्डाणातील चूक केवळ कागदावर राहत नाही, याचे स्मरण आपल्या भागास आहे. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यातील वर्डी परिसरात एक शिकाऊ विमान कोसळले. प्रशिक्षक मृत्युमुखी पडले, प्रशिक्षणार्थी जखमी झाली. तिला डोंगरातून खाली आणण्यासाठी एका आदिवासी भगिनीने आपली साडी दिली आणि गावकऱ्यांनी तिची झोळी केली. त्या अपघाताचे कारण नाकावरची दृष्टी होती, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. विमानशास्त्राचा अभ्यास करताना अशा प्रसंगी कोणाचे प्राण पणास लागतात आणि कोण धावून येते, हे मुलांनी विसरू नये, एवढ्यासाठी हा उल्लेख.

६. बांधण्यापूर्वी पाहावे

जाणकार विमानकर्ते पत्रा कापण्यापूर्वी कॉकपिटचा लाकडी सांगाडा उभारतात. खरे आसन, खऱ्या उंचीचे नाक पुठ्ठ्याचे, आणि बसणारा खरा मनुष्य. नाक १२ अंश वर करून पाहायचे, सपाट करून पाहायचे, मग उंच मनुष्य बसवायचा, मग बुटका. या टप्प्यावर बदल करण्यास एक करवत आणि एक दुपार पुरते. विमान पूर्ण झाल्यावर तोच बदल करण्यास वर्ष लागते किंवा तो होतच नाही. आणि असे विमान कितीही काळजीने बांधले तरी नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या परवान्याशिवाय ते उडविता येत नाही. ते योग्यच आहे, कारण खाली घरे असतात.

आमच्या मंडळाने हाच प्रयोग शाळेच्या मैदानावर केला. वाचकही तो करू शकतील. एक बाक, त्याच्या पुढे १२० सेंटिमीटरवर पुठ्ठ्याचे नाक, एक ओळंबा, मोजपट्टी, खडू आणि लांब सुतळी एवढे साहित्य पुरते.

(१) बाकावर बसलेल्याच्या डोळ्याची उंची ओळंब्याने मोजा. डोळ्यापासून पुठ्ठ्याच्या वरच्या कडेवरून सुतळी ताणून जेथे ती जमिनीस टेकेल तेथे खडूने रेघ मारा.

(२) अंतर त्रिकोणमितीने काढा आणि रेघेशी ताडून पाहा. फरक आला तर का आला, ते लिहा.

(३) पुठ्ठा ५ सेंटिमीटरने वर-खाली करा आणि पुन्हा मोजा.

(४) रेघेच्या अलीकडे एका लहान मुलास उभे करा. तो डोक्यापासून पायापर्यंत केव्हा दिसतो, अर्धा केव्हा आणि मुळीच केव्हा दिसत नाही, याची नोंद करा.

चौथ्या प्रयोगासाठी पहिल्या दिवशी पुढे आला तो केळीच्या ट्रकखाली सापडलेला आमचा विद्यार्थी. तो आता नववीत आहे. रेघेच्या अलीकडे उभा राहून तो हसत होता आणि बाकावर बसलेल्या मुलांस तो खरोखरच दिसत नव्हता. मग जागा बदलल्या. तो स्वतः बाकावर बसला, त्याच्या जागी पाचवीतील एक मूल उभे राहिले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि एवढेच म्हणाला, "त्या काकांना मी दिसलोच नव्हतो."

फाटकासमोर आता वाहन उभे करण्यास मनाई आहे आणि रस्ता ओलांडण्याची जागा वळणापासून दूर, चालकास दिसेल अशी, रंगवून घेतली आहे. उंची कमी असलेल्या आमच्या विद्यार्थिनीने सरकत्या आसनाचा नमुना लाकडात केला असून तो या वर्षीच्या विज्ञानप्रदर्शनात मांडला जाईल. माजी विद्यार्थ्यांनी तो येऊन पाहावा, त्यावर बसून पाहावे आणि काही उणे आढळल्यास तिला अवश्य सांगावे, अशी मंडळाची विनंती आहे.